खडूची बोटं

सल्लागार बाईंच्या पिशवीत एक हात असे.

घाबरायचं काही कारण नाही. हात म्हणजे कोपरापर्यंत लांब असा एक रबरी हातमोजा. त्यात चिंध्या ठासून भरलेल्या आणि प्रत्येक बोटात एकेक खडू, हाडाच्या जागी. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांत जायचं, सुरक्षेचे सरकारी नियम मालकाला समजतील अशा भाषेत सांगायचे, यंत्रात कुठे काय बदलायला हवं ते दाखवायचं आणि खरी तपासणी व्हायच्या आत सगळं ठाकठीक करून घ्यायचं, हे बाईंचं काम. आता नियमांचं पुस्तक उशीसारखं जाड. ते उघडलं की मालक मंडळींना जांभया सुटत. म्हणून बाई पुस्तक बाजूला ठेवत आणि पिशवीतून हात बाहेर काढत.

"हा आपला पाहुणा," त्या म्हणत. "याला जरा तुमचं यंत्र दाखवू या."

मग पट्ट्याच्या फटीत, दातेरी चाकांजवळ, जिथे म्हणून माणसाचा हात चुकून जाऊ शकेल तिथे तिथे पाहुणा जाऊन येई. कुठेतरी खडू मोडल्याचा 'कट्ट' असा आवाज होई आणि मालकाची जांभई अर्ध्यावरच मिटे. त्यानंतर पुस्तक वाचून दाखवायची गरज फारशी पडत नसे. बाई नव्या खडूची पेटी नेहमी जवळ बाळगत.

असे कितीतरी कारखाने बाईंनी मार्गी लावले होते. एकाच कारखान्याचा उंबरठा त्यांनी कामासाठी कधी ओलांडला नव्हता, आणि तो होता सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा.

दाजी बेकऱ्यांसाठी पीठ मळायची यंत्रं बनवत. स्टीलचं भलंमोठं भांडं, त्यात फिरणारा पिळदार लोखंडी दांडा आणि वर झाकण. दाजी स्वतः बेकरीवाल्याचे चिरंजीव, पिठात वाढलेले. "घरच्या माणसाला चुका काढायला बोलवायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा," असं त्यांचं ठाम मत होतं. मेव्हणी घरी जेवायला आली की आग्रह करकरून वाढत. पण यंत्राचा विषय निघाला रे निघाला, की त्यांना ठसका लागे.

पण आता ठसक्याने भागण्यासारखं राहिलं नव्हतं. नवा नियम आला होता. सुरक्षेचं प्रमाणपत्र नसेल तर नवं यंत्र विकायचंच नाही. एका मोठ्या पाव कंपनीला दाजींचं नवं यंत्र पसंत पडलं होतं, आपल्या सगळ्या बेकऱ्यांत तेच बसवायची त्यांची तयारी होती; पण आधी प्रमाणपत्र. तपासणी परवावर आली होती. ती हुकली तर कंपनी दुसरीकडे जाणार, कारखान्याचं शटर खाली येणार आणि इतकी वर्षं स्वतःचा मालक असलेल्या माणसाला या वयात दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहावं लागणार. हे सगळ्यांना कळत होतं. कारखान्यातला फिटर अखंड बोलायचा, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. तोही हल्ली हळू आवाजात बोलू लागला होता, यावरून काय ते समजा.

शेवटी ताईने नवऱ्याला न विचारता धाकट्या बहिणीला फोन लावला.

"उद्या सकाळी ये. पाहुण्याला घेऊन ये."

"दाजी काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मला म्हणून झालंय. तू फक्त ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कारखान्यात शिरल्या तेव्हा दाजी दारातच हाताची घडी घालून उभे होते.

"या, मेव्हणीबाई! शेवटी पाय लागले म्हणायचे. काय घेणार? चहा की बळी?"

"आधी चहा," बाई म्हणाल्या. "बळीचं मग बघू."

रेडिओने पुढे येऊन पाहुण्याशी अदबीने हस्तांदोलन केलं. "मामा, तब्येत कशी आहे? बोटं जरा सुजलेली दिसतात."

"त्याला बोलण्यात गुंतवू नकोस," दाजी गुरकावले. "त्याला कामाला लाव. माझ्या यंत्रात एक जरी खोट निघाली ना, तर मिशी उतरवून देईन."

"अहो, पण तुम्हाला मिशी कुठाय?" आतून ताईचा आवाज आला. ती कारखान्याचा हिशेब आणि फोन सांभाळायची. तिची खोली काचेची होती आणि कान त्याहून पारदर्शक.

बाई कामाला लागल्या. मोटरच्या पट्ट्यावर मजबूत आच्छादन होतं. पाहुण्याचं करंगळीचं टोकसुद्धा आत जाईना. तातडीने थांबवायचं लाल बटण हाताच्या टप्प्यात होतं आणि तळव्याने दाबता येईल एवढं मोठं होतं. वायरी नीट बांधलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सगळ्यांत महत्त्वाचं ते झाकण. झाकणाच्या कडेला एक खटका बसवलेला होता आणि झाकणात एक चुंबक. झाकण बंद असलं की चुंबक खटक्यासमोर येई आणि यंत्र चाले. झाकण जरा वर उचललं, की फिरता दांडा जागच्या जागी थांबे. बाईंनी झाकण हळू उचललं, झटकन उचललं, अर्धवट उचललं. दांडा दर वेळी गुपचूप थांबला. पाहुणा भांड्यात जाऊन धडधाकट बाहेर आला.

"काढा चूक!" दाजींची छाती फुगली. "काढा की!"

"नाही सापडत," बाई मोकळेपणाने म्हणाल्या. त्यांना मनातून बरंच वाटलं. बहिणीच्या संसारात आपण आता मिठाचा खडा टाकणार, या धास्तीने त्यांना सकाळचा नाश्ता गोड लागला नव्हता. "खरंच सुरेख काम आहे, दाजी. मी उगीच आले."

"उगीच कशाला? आता कौतुक करायला थांबा. उद्या साहेबांना चालवून दाखवायचं म्हणून एक घाणा मळून बघतो. चहा होईतो पीठ होईल."

पीठ पडलं, पाणी पडलं, झाकण बंद झालं आणि दांडा घरघरू लागला. चहा आला. दाजी काही गुणगुणत यंत्राशी उभे होते. बाई स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होत्या आणि अगदी सहज त्यांच्याकडे बघत होत्या.

गुणगुणता गुणगुणता दाजींचा डावा हात खिशात गेला. किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. जुडग्याला एक लाल, गोल, चपटी वस्तू होती. ती दाजींनी खटक्यावर 'टक्' करून चिकटवली. मग झाकण उचललं.

दांडा फिरतच राहिला.

दाजींनी उजव्या हाताची दोन बोटं भांड्यात घातली, दांडा पलीकडे गेला तेवढ्यात पिठाचा चिमटा घेतला, बोटं बाहेर काढून चिमूट चोळून पाहिली आणि म्हणाले, "अजून थोडं." झाकण लावलं, जुडगा खिशात टाकला, गुणगुणणं पुढे चालू. सगळं इतकं सराईतपणे झालं, जसा कुणी चालता चालता नाकावरचा चष्मा सारखा करतो.

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"दाजी, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? पीठ बघितलं."

"खटक्याला काय लावलंत?"

"हे होय!" दाजींनी कौतुकाने जुडगा नाचवला. "किचेन आहे. आत चुंबक. प्रत्येक यंत्राबरोबर आम्ही एक भेट देतो. वर कारखान्याचं नाव, फोन नंबर. गिऱ्हाईक काय खूश होतं म्हणता!"

बाईंनी बशी खाली ठेवली. इतक्या कारखान्यांत त्या फिरल्या होत्या. कुणी आच्छादन काढून कोपऱ्यात टाकलेलं पाहिलं होतं, कुणी खटका चिकटपट्टीने बांधून टाकलेला पाहिला होता. पण दाराला इतकं भक्कम कुलूप करायचं आणि त्याची चोरकिल्ली प्रेमाने, नाव-नंबर छापून, त्याच खोक्यात घालून द्यायची, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"ताई!" त्यांनी हाक मारली. "हे किचेन तुला माहीत होतं?"

ताई बाहेर आली. "हो! रंग मीच निवडलेत. लाल, हिरवा, पिवळा. फ्रीजवर किल्ल्या लावून ठेवायला असतात ना ते?" मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. "फ्रीजवर लावायलाच असतात ना, अहो?"

दाजींचा पारा चढला. "हे बघा, तुम्ही दोघी बहिणी एक होऊ नका! बेकरीवाल्याला पिठात हात घालावाच लागतो. माझे वडील सांगायचे, पीठ घड्याळावर होत नाही, बोटांवर होतं. आणि आजवर कुणाचं बोट गेलं? सांगा, कुणाचं गेलं?"

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्टुलावरून पाहुणा उचलला आणि दाजींच्या हातात दिला. "तुमचंच बरोबर असेल. फक्त या वेळी तुमच्याऐवजी याला चिमटा घेऊ द्या. याला मनगटाशी धरा. आणि चिमटा घेताना माझ्याकडे बघून बोला."

"काय बोलू?"

"काहीही. बेकरीत माणूस काही मौन धरून उभा नसतो. कुणीतरी हाक मारतं, फोन वाजतो, शिंक येते."

दाजींनी चुंबक लावलं, झाकण उचललं, पाहुण्याचं मनगट धरून त्याची बोटं पिठाकडे नेली आणि मेव्हणीकडे वळून म्हणाले, "हे बघा, यात काही अवघड—"

पुढचा शब्द आलाच नाही. पाहुणा त्यांच्या मुठीतून असा खेचला गेला, की जणू आतून कुणीतरी त्याला हात धरून बोलावलं. कट्ट. कट्ट. कट्ट. रेडिओने लाल बटणावर तळवा मारला तेव्हा पाहुणा पिठात कोपरापर्यंत गुंडाळला गेला होता आणि रेडिओ, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गप्प होता.

दाजी आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मी घट्ट धरलं होतं," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे," ताई म्हणाली आणि तिने त्यांची दोन बोटं, तीच दोन, हातात धरून ठेवली.

मग दाजींनी खिशातला जुडगा काढून टेबलावर आपटला. "बास! किचेन बंद. उद्यापासून एकही द्यायचं नाही. झालं?"

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिलं नाही तर बेकरीवाला शोधून आणेल. फ्रीजच्या दारावर चुंबकांना काय तोटा? मला सांगा, चुंबक लावायची वेळच का येते?"

"झाकण उघडलं की यंत्र थांबतं म्हणून."

"मग थांबू दे की."

"थांबलं तर पुन्हा सुरू करायला मागच्या बाजूला जावं लागतं. बटण मागे आहे."

"मग जायचं मागे."

"अहो, मागे जाऊन सुरू केलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून! आधी किती मळलं ते यंत्र साफ विसरतं. आणि झाकण हे असलं जड. पिठाचा चिमटा घ्यायला इतका उपद्व्याप कोण करणार?"

"म्हणजे यंत्र विसराळू, बटण लांब आणि झाकण जड," बाई म्हणाल्या. "आणि शिक्षा कुणाला? बोटांना. दाजी, ज्याला स्वतःचं बोट नकोसं झालंय असा माणूस मला अजून भेटायचाय. माणसं वाईट नसतात, घाईत असतात. सरळ वाट लांबची ठेवली की लोक कुंपणावरून उडी मारतात. आपण वाटच जवळची करू."

दाजी यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो भाव उमटला, जो गणिताची युक्ती सापडलेल्या पोराच्या चेहऱ्यावर उमटतो.

"झाकणाला मागे वजन लावलं, तर एका बोटाने उचललं जाईल," ते म्हणाले.

"लावा."

"आणि सुरू करायचं बटण पुढे, झाकणाच्या मुठीशेजारी!"

"आणा. पण झाकण लावल्या लावल्या यंत्र आपोआप सुरू व्हायला नको. माणसाने बटण दाबलं तरच."

"घड्याळ थांबल्या जागेवरून पुढे मोजणारं मिळतं," रेडिओला कंठ फुटला. "आणि खटकेसुद्धा नव्या तऱ्हेचे मिळतात, मालक. त्यांचा आपला जोडीदार ठरलेला असतो. दुसरं कुठलंही चुंबक आणा, ढुंकून बघत नाहीत."

"असे असतात होय!" ताई म्हणाली. "माणसांतही मिळतात का बघ."

त्या दिवशी कारखान्यात दुपारचं जेवण उभ्या उभ्याच झालं. दाजींनी स्वतः वजन कापलं, घासलं, बसवलं. रेडिओने वायरी ओढल्या आणि सकाळपासून साठलेलं सगळं बोलून घेतलं. ताईने दुकानादुकानांत फोन करून खटका आणि घड्याळ मिळवलं. बाई पिठातून पाहुण्याला सोडवून धूत बसल्या आणि मधूनमधून, "तिथे कड राहिली बघा," एवढंच म्हणत होत्या. संध्याकाळी दाजींनी करंगळीने झाकण उचललं, दांडा थांबला, चिमटा घेतला, झाकण लावलं, बटण दाबलं. घड्याळ जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं.

"हे तर चुंबकापेक्षा लवकर होतंय," दाजी म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. "हे मला आधी का सुचू नये?"

दुसऱ्या दिवशी परीक्षक साहेब आले. किडकिडीत, शांत माणूस. प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर, "बरं." पट्ट्याचं आच्छादन दाखवलं. "बरं." लाल बटण दाखवलं. "बरं." त्या 'बरं'मध्ये बरं आहे की बरं नाही, काही पत्ता लागेना. रेडिओ बाईंच्या कानाशी कुजबुजला, "यांच्या घरी लग्नाची मागणी घालायला गेलेल्या माणसाचं काय झालं असेल?"

शेवटी साहेब झाकणापाशी आले. खटका नीट न्याहाळला. मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक किचेन बाहेर काढलं.

पिवळं. गोल, चपटं. वर कारखान्याचं नाव आणि फोन नंबर.

ताईने हातातला चहाचा ट्रे घट्ट धरला. दाजींच्या चेहऱ्यावर पीठ न लावताच पीठ दिसू लागलं.

साहेबांनी किचेन खटक्यावर लावलं, झाकण उचललं, बटण दाबलं. दांडा हलला नाही. किचेन उलटं करून लावलं. बटण दाबलं. दांडा ढिम्म. वर, खाली, आडवं, सगळं करून झालं.

"बरं," साहेब म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्याच्या पुढे बोलले. "हे मला एका बेकरीत मिळालं. तिथला माणूस मोठ्या कौतुकाने सांगत होता, यंत्राबरोबर फुकट येतं म्हणून. अशी किती वाटलीत?"

मान डोलावून 'एखाद-दुसरं' म्हणायला वाव होता. सगळे दाजींकडे पाहत होते, आणि दाजी आपल्या दोन बोटांकडे.

"जेवढी यंत्रं विकली तेवढी," ते म्हणाले. "एकूण एक. माझ्याच हाताने दिलीत, साहेब, हसत हसत दिलीत."

"मग त्या यंत्रांचं काय?"

"किचेनं माझ्याच हाताने परत आणीन. नुसती परत आणून भागायचं नाही, ते आता मला कळलंय. प्रत्येक यंत्राला नवा खटका, पुढे बटण, न विसरणारं घड्याळ, झाकणाला वजन. स्वतः जाऊन बसवून देतो. तुम्ही त्यासाठी प्रमाणपत्र अडवून ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. हे काम मी करणारच."

ताईने डोळे मिटून घेतले. पण मान होकारार्थीच हलवली.

साहेबांनी किचेन काढून खिशात टाकलं. मग त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"एक विचारू? नियमांत नाही हे. पण भांड्यात बोटं घालून तुम्ही लोक बघता तरी काय?"

दाजींचा चेहरा एकदम उजळला. "या इकडे. झाकण उचला. थांबला ना दांडा? आता घ्या चिमटा. आता दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरा. पीठ पाळीसारखं लागायला हवं. लागतं का?"

साहेब एका हातात पिठाची चिमूट आणि दुसऱ्या हातात कान धरून विचारात पडले. "नाही. पाळी मऊ आहे."

"मग अजून थोडं!"

साहेबांनी आपण होऊन झाकण लावलं आणि समोरचं बटण दाबलं. दांडा घरघरू लागला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा झाकण उचललं, चिमटा घेतला. पुन्हा उचललं. चौथ्या वेळी रेडिओनेही आपला कान धरून बघितला, ताईनेही. बाई हसत बघत होत्या. इतक्यांदा झाकण उघडलं, पण मागच्या बाजूला कुणाची नजरसुद्धा गेली नव्हती.

"आता लागतंय," साहेब म्हणाले. मग कान सोडून, हात पुसून त्यांनी पेन काढलं. "छान आहे. जुन्या यंत्रांचं काम पुरं झालं की मला कळवा. मी येऊन बघणार आहे."

आणि त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली. पिठाचा एक ठसा उमटला कोपऱ्यात. तो तसाच राहिला.

साहेब गेल्यावर दाजींनी पाव कंपनीला फोन लावला. मग अवजारांची पेटी गाडीत ठेवली. पहिली बेकरी जवळच होती, दुपारीच सुरुवात करायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. निघता निघता ते परत आले आणि दारात घुटमळले.

"मेव्हणीबाई, पाहुण्याला थोडे दिवस माझ्याकडे राहू द्याल का? नुसतं बोलून बेकरीवाले ऐकायचे नाहीत. मीच कुठे ऐकत होतो?"

बाईंनी पिशवीतून धुऊन वाळवलेला हात काढला, दाजींच्या हातात दिला.

"न्या की. पण दाजी, खडू तुमचे तुम्ही आणायचे."